बोंडल्याची तपासणी

सासूबाईंच्या चांदीच्या बोंडल्याच्या चोचीत मी कापूस लावलेली काडी फिरवली. ओजसला पुन्हा जुलाब सुरू झाले होते आणि माझा संशय पक्का होता. बारशाला आलेलं बोंडलं, त्याची ती अरुंद चोच. जंतूंना राहायला याहून चांगली जागा कुठली?

"रोज उकळते मी ते," नातवाला चमच्याने साखर-मिठाचं पाणी पाजता पाजता सासूबाई म्हणाल्या. "आणि तपासायचंच असेल, तर तुझ्या गळ्यातलं कार्डही तपास. लॅबमधून येऊन तू कडेवर घेतलंस की तो आधी तेच चोखतो."

त्यांचं मन राखायला मी कार्डावरूनही एक काडी फिरवली.

लॅबमध्ये दोन्ही काड्या जंतू वाढवायच्या प्लेटांवर फिरवल्या. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर बोंडल्याची प्लेट कोरी करकरीत. कार्डाच्या प्लेटवर मात्र जंतूंची नुसती जत्रा. दिवसभर मी आजारी मुलांच्या शीचे नमुने तपासते आणि कार्ड त्याच टेबलावर लोळत असतं.

घरी येऊन मी खरं ते सांगितलं. सासूबाईंनी कार्ड माझ्या गळ्यातून काढून घेतलं.

आठवडा झाला, ओजस आता खुर्च्या ढकलत घरभर फिरतो. आज लॅबच्या गेटवर वॉचमनने माझं कार्ड उजेडात धरलं. प्लास्टिक पापडासारखं वाकडंतिकडं, फोटो पार धुतलेला.

"मॅडम, हे काय झालं?"

"सासूबाईंनी बोंडल्याबरोबर उकळलंय. सोडा आत, एवढं स्वच्छ इथे दुसरं काही नाही."