तिसरी सुई

जेवून उठले धनी, ताट तसंच राहू द्या
त्याहीच्या घासामागं बाई, माहा घास येऊ द्या

जात्यावरचा मायचा तो आवाज चंद्रभानच्या कानात अजून होता. म्हणून मोरीत बसून स्वतःचं ताट घासताना त्याचा जीव कसनुसा होई. माय जन्मभर बापाच्या ताटात जेवली. कौशल्याही अठरा वर्षं त्याच्या ताटात जेवत आली. नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या त्या घरात दोघंच. तो उठे, ती त्याच ताटावर बसे. सहा महिन्यांपूर्वी त्यानं एकाएकी ते ताट तिच्यापुढून उचललं.

त्याचं कारण त्याला एकट्यालाच माहीत होतं. चुलतभावाला रक्त द्यायला गेला, तर डॉक्टरांनी त्याचं रक्त नाकारलं.

"हिपॅटायटीस बी. रक्तातली कावीळ," ते म्हणाले. "तुम्ही धडधाकट आहात, पण बायकोला होऊ शकते. नवीन लस निघाली आहे. अशा माणसाची बायको, तान्हं लेकरू, आमच्यासारखे रक्तात हात घालणारे, यांनी आधी टोचून घ्यावी. सहा महिन्यांत तीन सुया."

उष्ट्या ताटानं होते का, हे विचारायची त्याला लाज वाटली. कौशल्येला सांगायची भीती वाटली. ही उठून माहेरी गेली तर?

'ताकदीची सुई' म्हणून त्यानं तिला रामदासपेठेत नेलं. तिचं रक्त साफ निघालं. पहिली सुई झाली, महिन्यानं दुसरी. रोज जेवण झालं की तो मोरीत बसे. ती दाराला टेकून बघे. एक शब्द बोलत नसे. तेच त्याला सलत राही.

शेजारच्या शोभाताई भिंतीवरून म्हणाल्या, "काय जी भाऊजी, बाईले सुट्टी देली काय?" तो खाली मान घालून राख चोळत राहिला.

आज तिसरी सुई झाली. घरी येऊन दोघं जेवली. ताट हातात घेऊन तो मोरीपाशीच थांबला.

"कौशल्ये, थे सुई ताकदीची नव्हती वं. माह्या रक्तात कावीळ हाय. तुले होऊ नये म्हणून टोचली. ताटही म्हणूनच घासून राहिलो. आता जायचं त जाय माहेरी."

"अन् तिथं काय करू?" कौशल्या म्हणाली. "मले माहीत हाय जी. पहिल्याच दिवशी नर्सबाईनं सारं सांगतलं. ताटानं होत नाही, हेही सांगतलं."

त्यानं ताट खाली ठेवलं. "मंग सा महिने बोलली काहून नाही?"

ती पदर तोंडाला लावून हसली. मग पदर खाली आला, हसूही ओसरलं.

"कोऱ्या ताटात जेवाले भेटत होतं जी. तुमचं उष्टं मले अठरा वर्षांत एक दिवस नाही आवडलं."