पिठाची ओळ, तांब्याची ओळ

थोरली लेक मवापे बाळंत झाली, त्या वर्षीची गोष्ट. नातवाची नाळ अजून गळायची होती आणि आजोबा न्गोसा चोम्बा कासुम्बालेसाच्या सीमानाक्याअलीकडे मक्याच्या पिठाची गाडी घेऊन अडकून पडला होता.

पीठ वर काँगोत जातं, तांबं खाली झांबियात येतं, रस्ता एकच. त्या आठवड्यात दोन्हीकडच्या साहेबांचं काहीतरी बिनसलं आणि पिठाची ओळ जागच्या जागी थांबली. तांब्याला कोणी अडवलं नाही. समोरून एकेक गाडी उतरायची, वजनकाट्यापाशी थोडी थांबायची आणि पुढे निघून जायची.

न्गोसा गाडीत बसे, उतरे, टायरांना लाथ मारून बघे, पुन्हा चढे. पाठीशी तीस टन पीठ, आणि रोजची उब्वाली, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, घोटायला टपरीवरून पीठ विकत घ्यायचं. पहिले दोन दिवस सगळे यावर हसले होते. आता कोणी हसत नव्हतं. न्गोसाचे डोळे तांब्याच्या ओळीवर होते. त्याचा धाकटा भाऊ कबासो तांबं आणायला वर गेला होता. बुधवारी उतरायचा होता. आज शनिवार, आणि फोन लागत नव्हता.

"कबासो दिसला का रे? निळी गाडी, कपाळाला बैलाची शिंगं."

"मागे असेल," समोरचा ड्रायव्हर म्हणाला आणि त्यानं काच वर घेतली.

सकाळपासून तिघांना विचारून झालं. तिघांनी तेच सांगितलं. तिघांनीही काच वर घेतली.

दुपारी शिंगं दिसली. न्गोसानं शेगडीवरचं भांडं तसंच सोडलं आणि रस्ता ओलांडून धावला. गाडी अजून पुरती थांबली नव्हती, तोवर त्यानं दारावर थाप मारली.

"कुठं मेला होतास इतके दिवस?"

दार उघडलं आणि जेरे खाली उतरला.

जेरे न्गोनी, न्गोसा बेम्बा. या दोन जमातींचं नातं थट्टेचं. दिसला की शिव्या घालायच्या, अंत्यविधीतसुद्धा घालायच्या, आणि राग धरायचा नाही. वीस वर्षं दोघं या रस्त्यावर भेटत होते. जेरे त्याला माकडखाऊ म्हणे, तो जेरेला उंदीरखाऊ. दुसरं नाव कधी तोंडात आलं नव्हतं.

"उंदीरखाऊ, माझ्या भावाची गाडी पळवलीस होय? बिळात मावायची नाही ती."

जेरेनं टोपी काढली. "मवापेचे बाबा," तो म्हणाला, "जेवलात का?"



"असं काय बोलतोस? शिवी दे."

"चला, सावलीत बसू."

"शिवी दे म्हणतो ना. माकडखाऊ म्हण. माझ्या सगळ्या खानदानाला म्हण."

जेरे टोपी हातात फिरवत उभा राहिला. वर गेलेल्या त्या तीन काचा न्गोसाच्या डोळ्यांपुढे आल्या. मरणाची बातमी या रस्त्यावर वाटेल तो सांगत नाही. थट्टेच्या नात्यातला माणूस ती घेऊन येतो. तोवर बाकीचे काच वर घेतात.

"कुठं?" त्यानं विचारलं.

"लिकासीला. तापानं. गाडी भरायची वाट बघत अंगावर काढलं त्यानं. मी तिथंच होतो, दवाखान्यात मीच नेला. तांबं थांबायला नको म्हणून मालकानं मला या गाडीवर बसवलं." जेरेनं खालमानेनं पुढचं सांगितलं. "त्याला आणू दिलं नाही. रक्ताचं माणूस लागतं म्हणाले. तुम्ही पीठ उतरवा आणि रिकाम्या गाडीत घेऊन या."

मग त्यानं सीटमागून एक पुडकं काढून दिलं. काँगोचं छापील कापड होतं, पिवळ्यावर मोर. मवापेनं मागवलं होतं, बाळाला पाठीशी बांधायला.

न्गोसा पुडकं घेऊन आपल्या गाडीत चढला. त्यानं इंजिन सुरू केलं. पुढची गाडी बंद, तिच्या पुढचीही बंद. ड्रायव्हर खाली चटया टाकून पडलेले. वळणापर्यंत नुसत्या पिठाच्या गाड्याच गाड्या. त्यानं इंजिन बंद केलं, परत सुरू केलं. पायी निघावं म्हटलं, तर सांजेपर्यंत पोती चोरीला गेली असती, मागोमाग गाडी गेली असती. आणि भावाला आणायचं होतं ते याच गाडीतून.

पलीकडे वजनकाट्यावरून जेरेला हाका सुरू झाल्या. तांब्याची ओळ पुढे सरकली होती. पण जेरे रस्ता ओलांडून आला, पायरीवर चढला आणि खिडकीतून डोकं आत घातलं. त्याचं अजून एक काम राहिलं होतं.

"आता ऐक, माकडखाऊ," तो म्हणाला. "तुझ्या भावाला उचलताना माझी कंबर गेली. जन्मभर माकडं खाल्ली त्यानं. केवढा जड झाला होता."

न्गोसा हसला. हसता हसता त्याचं डोकं स्टिअरिंगवर टेकलं आणि हॉर्न वाजत राहिला. चटयांवरचे ड्रायव्हर उठून बसले. एकानंही मागे वळून शिवी दिली नाही.

कबासो चोम्बा लिकासीच्या दवाखान्यात मंगळवारी दुपारी गेला. पिठाची ओळ हलली ती त्यापुढच्या सोमवारी.