काडी मोडली तेव्हा

“काडी मोडली तेव्हा बाई तिथं हजर होती का?” वकीलबाईंनी विचारलं.

मच्छिंद्रने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. एरवी त्याचं तोंड मिटायला लोकांना विनवण्या कराव्या लागत. बदनापुरात त्याचा मंडपाचा धंदा होता. कुणाची सोयरीक तुटायला आली की मध्यस्थीला त्यालाच बोलावत. दुसऱ्यांच्या लग्नाला मांडव घालण्यात अर्धं आयुष्य गेलं, आणि स्वतःचं लग्न मोडलंय की नाही हे विचारायला तो जालन्याच्या वकिलासमोर बसला होता. आपल्यासारखा शहाणा जिल्ह्यात दुसरा नसणार, असं त्याचं त्यालाच वाटलं.

“असंल की,” तो म्हणाला. “घर तिच्या बापाचंच व्हतं. जाईल कुठं?”

“काका, असंल की चालत नाही. तुमच्या समाजात काडीमोडीची रीत असेल, तर कोर्ट ती मानतं. पण ती दोघांच्या राजीखुशीनं झाली, हे दाखवावं लागतं. नाहीतर पहिलं लग्न अजून उभंच आहे. त्यावर दुसरं केलंत तर गुन्हा होतो. मग दोघांनी मिळून कोर्टात अर्ज करायचा, एवढाच रस्ता उरतो.”

गुन्ह्यापेक्षा मच्छिंद्रला दैवशालाची भीती जास्त होती. आष्टीची ही विधवा बाई त्याच्याशी लग्नाला तयार झाली होती. या वयात, या पोटासकट आपण कुणाला पसंत पडलो, यावर त्याचा अजून विश्वास बसत नव्हता. तिची अट एकच होती. “पहिलीपासून सुटका झाली का, ते पक्कं करा. दुसरीच्या नवऱ्यासंगं मी लगीन लावणार न्हाई.”

अठरा वर्षांपूर्वीच्या तीन पंचांपैकी दोघं वारले होते, सासराही गेला होता. उरलेले रखमाजी आता स्वतःच्या मुलालाच ‘तू कुणाचा रे’ म्हणून विचारत. म्हणजे साक्षीला एकच माणूस उरलं होतं. खुद्द पहिली बायको, कौसल्या.

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्रने केसांना काळा रंग लावला, नवा शर्ट घातला आणि मोटारसायकल हसनाबादकडे काढली. पहिली बायको सुटली याचा पुरावा मागायला जाताना केस कशाला रंगवायचे, हे मात्र त्याने स्वतःला विचारलं नाही. कौसल्याने दुसरं लग्न केलं नव्हतं. का केलं नसावं, याचं उत्तर त्याने वाटेतच काढलं. तिचा आपल्यात जीव अडकलाय. ती रडणार, नाही म्हणणार. तिला समजवायला त्याने चार मऊ वाक्यंही तयार केली. काडीमोडीच्या वेळी पंचांपुढे तो तासभर बोलला होता, आणि त्याची तक्रार एवढीच होती की ही बाई बोलतच नाही.

कौसल्याची पिठाची गिरणी होती, आणि ती जोरात चालू होती. डबे घेऊन चार बाया उभ्या होत्या. कौसल्याने त्याला ओळखलं आणि बाकीच्यांसारखाच त्याच्याकडेही डबा मागायला हात पुढे केला.

“कौसल्या, आपली ती... काडीमोड...”

“काय?”

“काडीमोड! आपली काडीमोड झाल्ती का?”

मांडवातल्या भोंग्यावर कमावलेला आवाज होता. चारही बाया वळल्या. एकीने तोंडाला पदर लावला. कौसल्याने गिरणी बंद केली. उडालेलं पीठ हळूहळू खाली बसलं, बरंचसं त्याच्या रंगवलेल्या केसांवर.

“कोर्टात सांगावं लागतंय,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “का तू तवा तिथं व्हती, अन् राजी व्हती. तेवढं सांगशील का?”

“मी चुलीपाशी व्हते. पंचांसाठी चहा करून राह्यल्ते,” ती म्हणाली. “बाहेर आले तं समदे चपला घालून निघाल्ते. बाप म्हणला, झालं. मी राजी हाय का न्हाई, कुणीच इचारलं न्हाई. खोटं कशाला सांगू?”

मच्छिंद्र मटकन गव्हाच्या पोत्यावर बसला. अठरा वर्षं तो सडाफटिंग म्हणून मिरवला, आणि या बाईचा नवरा तो नवराच राहिला होता. दैवशाला हातची गेली. त्याला लाज वाटली, खरीच वाटली. पाच बाप्यांनी मिळून एका बाईचा निकाल लावला आणि ती आत त्यांच्यासाठी चहा उकळत होती. चहा गोड झाला होता, एवढं त्याला आठवत होतं.

आता वकीलबाईंनी सांगितलेला दुसराच रस्ता उरला होता.

“कौसल्या,” तो जपून म्हणाला, “दोघांनी मिळून कोर्टात अर्ज करता येतो. पण तुझी मर्जी पायजे. मला सोडायला तू राजी हाय का? उगं मन मारून हो म्हणू नको. इतकी वर्सं तू माझ्या नावानं थांबली, तुला जड जाईल, मला समजतंय. बिलकुल जल्दी न्हाई. चार दिवस इचार कर, रडू आलं तं रडून घे, अन् मंग...”

“व्हय,” कौसल्या मधेच म्हणाली. “अठरा वर्सांपासून व्हयच हाय.” आणि तिने गिरणी सुरू केली.