गळ्यातलं

"गळ्यातलं काढा मावशी, ईसीजी काढायचाय," कॅज्युअल्टीतली नर्स तिसऱ्यांदा म्हणाली.

छाती दाबून धरलेली शालन घामाने निथळत होती, पण ऐकेना. "तीस वर्षांत कधी काढलं नाही. ह्यांना काही झालं म्हणजे?"

शेजारी उभे असलेले तिचे पती दिगंबरराव तिच्यावर वाकले. इथे हिच्या जिवावर बेतलंय आणि हिला काळजी माझी! "अगं, मला काय धाड भरलीय?" ते खेकसले. त्यांनी मंगळसूत्र तिच्या डोक्यावरून काढलं आणि सरळ स्वतःच्या गळ्यात घातलं. "हे बघ, उतरवलंय कुठे? नुसती जागा बदलली."

"अहो, लोक बघतायत!" ती कशीबशी हसली.

"बघू देत."

मशीनमधून कागद सरकत बाहेर आला. तो बघताच डॉक्टरांचा चेहरा बदलला. "मोठा अटॅक आहे. आत घ्या, लवकर!" स्ट्रेचर धावत गेलं आणि दार बंद झालं.

दिगंबररावांनी शर्टावर लोंबणाऱ्या दोन्ही वाट्या मुठीत धरल्या. तिच्या अंगाच्या उबेने त्या अजून कोमट होत्या. गार होतील या भीतीने त्यांनी मूठ उघडलीच नाही.