रंध्याची निवड

निवृत्तीने सामायिक कारखान्यातला रंधा उचलला आणि सागाच्या फळीवर टेकवला. पातं बाहेर आलं नाही. त्याने मूठ बदलून पाहिली, तरी नाही. शेजारी काम करणाऱ्या शालनने तोच रंधा हातात घेतला, तेव्हा पातं लगेच बाहेर आलं.

"काय करायचंय सांगा, मी करून देते," ती म्हणाली.

"पाळणा, नातीसाठी. पण मला तो नुसता नकोय गं, माझ्या हाताने करायचाय."

या वस्तीत ना सरकार होतं, ना मालक. वस्तू कुणाची, यावर सुरुवातीला खूप भांडणं झाली. कुणी म्हणे बनवणाऱ्याची, कुणी म्हणे वापरणाऱ्याची, कुणी म्हणे बाजार भरवा, तोच ठरवेल. शेवटी निवृत्तीनेच सभेत तोडगा मांडला होता. हजर असलेल्यांत ज्याचा हात सगळ्यांत तयार, त्याच्याच हातात अवजार चालेल, आणि ते अवजारच ओळखेल. माणसाने माणसावर हुकूम चालवायला नको. तेव्हा निवृत्तीचे हात थरथरत नव्हते.

"हा नियमच चुकलाय," तो आता चिडून म्हणाला. "आजच्या सभेत बोलतो मी."

"बोला ना. मला तर तो कधीच पटला नाही. पण सभेत बोलणं तुम्हालाच जमेल."

"तुलाही पटत नव्हता, तर इतकी वर्षं गप्प का बसलीस?"

शालनने फळीवरचा भुसा फुंकला.

"नियम झाला त्याच्या पुढच्याच सभेत बोलायला उठले होते, काका. पण माइकही अवजारच ना. माझ्या हातात तो चालूच झाला नाही."