मंजुळेचा वन्स मोअर

पडद्यावर मंजुळा मेली, तशी तिसऱ्या रांगेत बसलेल्या मंजुळेनं आबांचा हात गच्च धरला. तिचा हा पहिलाच सिनेमा. पडला, तर पुन्हा आबांच्या नाटकाचा तंबू.

"वन्स मोअर!" प्रेक्षक गरजले.

मंजुळा हरखली. पाचव्या वर्षापासून ती त्या तंबूत मरत आली होती आणि वन्स मोअर आला, की उठून पुन्हा मरत होती. पडद्यावरची मंजुळा मात्र उठेना. तिची तिरडीसुद्धा निघाली.

"अगं, पब्लिक खोळंबलंय!" आबा कासावीस झाले.

मंजुळेनं पदर खोचला, खुर्च्यांमधल्या वाटेत आली आणि जीव ओतून मेली. शिट्ट्यांनी थिएटर दणाणलं. ऑपरेटरनं मशीन थांबवलं.

तीन वन्स मोअर झाल्यावर आबांनी प्रेक्षकांना नमस्कार केला आणि पडद्यावर ताटकळलेल्या अंत्ययात्रेला हातानंच पुढं जायची परवानगी दिली.