‘टेक’ची दहा वाक्यं

‘टेक’ या इंग्रजी क्रियापदाची, वेगवेगळ्या अर्थांची दहा वाक्यं मी नववीच्या वर्गाला लिहायला दिली होती. साठ वह्या होत्या, म्हणून नुसतं ‘टेक’ जागेवर आहे का तेवढंच बघितलं. वनमालाची दहाही बरोबर निघाली. तिलाच ती फळ्यावर लिहायला लावली आणि बाकीच्यांना पाठ करायला सांगितली.

घरी जाताना ती टेबलाशी थांबली. “सर, तुमी माझी वाक्यं वाचली का?”

“वाचली की! लई भारी!”

सोमवारी वनमाला आली नव्हती. मी वर्गाला वाक्यं म्हणायला सांगितली. सगळी मुलं एका सुरात ओरडली,



“गेस्ट्स टेक टी. दे टेक माय फोटो. दे विल टेक मी टू पाटोदा ऑन संडे. सर, प्लीज टेक मी टू पोलीस.”